जखमेची कडा

त्या आजोबांच्या नडगीवर भाजल्याचा जुना व्रण होता. लहानपणी भाजलेलं, म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वीचं. कातडी ताणलेली, चकचकीत, कुठे पांढुरकी तर कुठे गडद, आणि बरोबर मधोमध अंगठ्याच्या नखाएवढी एक जखम. मी तेव्हा नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि सर्जिकल वॉर्डला माझं पोस्टिंग होतं. सकाळच्या ड्युटीला त्यांचं ड्रेसिंग माझ्याकडे असायचं. सलाइननं धुवायचं, मधून बाहेर पुसत यायचं, गॉज ठेवायचं, बँडेज बांधायचं. हात चांगला बसला होता. फॉर्सेप्स कुठे नको तिथे टेकत नसे, निर्जंतुकतेत कुणाला खोट काढता आली नसती. आणि रोज नोंदीत मी तेच लिहीत होते: ‘जखम जैसे थे.’

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एक दिवस मोठ्या सिस्टर माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. गॉज उचललं तसं जखमेतून थोडं रक्त आलं. रोजच यायचं. सिस्टरांनी ग्लोव्ह चढवला, जखमेच्या कडेवरून हलकेच बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, “आता तू फिरव.”

कडा टणक लागली. जाड, बाहेरच्या बाजूला वळलेली. आतला भाग दाणेदार, खडबडीत. आणि वास. तो वास मला आधीपासून येत होता, पण जखम म्हटली की वास यायचाच, असं मी धरून चालले होते.

“किती दिवस करतेयस हे ड्रेसिंग?”

मी सांगितलं.

“मग कडा कधी बघितलीस?”

त्या रागावल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायोप्सीत स्क्वेमस सेल कार्सिनोमा निघाला, त्वचेचा कर्करोग. तो हाडापर्यंत पोचला होता. आजोबांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. माझ्या तीन आठवड्यांनी फरक पडला असता की नाही, ठाऊक नाही. जखम त्याआधीही कित्येक महिने उघडीच होती. पण ते तीन आठवडे माझे होते.

या प्रकाराला मार्जोलिनचा अल्सर म्हणतात. जुन्या व्रणावर अशी जखम उगवते याचं वर्णन मार्जोलिन या फ्रेंच सर्जननं १८२८ साली केलं होतं. हे मला त्या वेळीही माहीत होतं. आदल्याच वर्षी परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती आणि पूर्ण गुण मिळवले होते. शब्द वहीत होता, जखम हाताखाली होती, आणि दोघांची गाठ माझ्या डोक्यात पडलीच नाही.

आता मी शिकवते. त्वचेच्या कर्करोगावरचा तास दरवर्षी माझ्याकडे असतो, आणि तो घेताना ती कडा दर वेळी बोटाला लागते.

मुलं-मुली हुशार असतात. अतिनील किरणांचे प्रकार विचारले की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एका सुरात उत्तर येतं. यूव्हीसी ओझोनच्या थरात अडतात. यूव्हीबी त्वचेच्या वरच्या थराला जाळतात. यूव्हीए खोल शिरतात, आणि खिडकीची काचही त्यांना पुरती अडवत नाही. बेसल सेल कार्सिनोमा सर्वांत जास्त आढळणारा, हळू वाढणारा, सहसा दुसरीकडे न पसरणारा. स्क्वेमस सेल त्याहून आडमुठा. मेलानोमा त्या मानानं कमी आढळतो, पण माणूस नेतो: २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३,२५,००० लोकांना तो झाल्याचा आणि सुमारे ५७,००० लोक त्यानं गेल्याचा अंदाज आहे. तीळ तपासायची पाच अक्षरं तर त्यांना झोपेतून उठवून विचारली तरी येतात. ए म्हणजे तिळाचे दोन अर्धे सारखे नसणं, बी म्हणजे कडा वेड्यावाकड्या, सी म्हणजे एकाहून जास्त रंग, डी म्हणजे ६ मिलिमीटरहून मोठा व्यास, ई म्हणजे बदलत जाणं. यातली पहिली चार अक्षरं न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९८५ साली मांडली. ‘बदल’ २००४ साली जोडला गेला. माझ्या मते या पाचांत सगळ्यात मोलाचं तेच शेवटचं अक्षर, कारण बदल कळायला आधी काय होतं ते कुणीतरी बघितलेलं असावं लागतं.

मग मी विचारते, “तुमच्या पाठीवर तीळ किती आहेत?” वर्गात हसू पसरतं. “स्वतःचे तळपाय शेवटचे कधी नीट बघितलेत?” हसू थांबतं. “सनस्क्रीन कोण कोण लावतं?” यावर मात्र भराभर हात वर जातात. “कशासाठी?” आणि बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: “मॅडम, काळं पडू नये म्हणून.”

या उत्तराचा मला राग येत नाही, वाईट वाटतं. कुठे माणसं उजळ राहण्यासाठी उन्हापासून पळतात, तर कुठे तांबूस-तपकिरी दिसण्यासाठी तासन् तास उन्हात पडून राहतात. तेवढं पुरलं नाही म्हणून यंत्राच्या दिव्याखाली झोपतात. दोघांचंही लक्ष रंगावर असतं. पेशीत काय चाललंय इकडे कुणी बघत नाही. रंग बदलायची ती यंत्रं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००९ साली पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतातच अशा गोष्टींच्या यादीत टाकली. सूर्यकिरण त्या यादीत १९९२ पासूनच आहेत. आमच्या मुलांना ही वर्षं येतात. पण सनस्क्रीनची ट्यूब हातात घेताना त्यांच्या मनात आरसा असतो, वर्गातला फळा नसतो.

म्हणून पेशीची गोष्ट मी जरा सावकाश सांगते. डीएनएच्या लांब साखळीत थायमिन नावाचे घटक असतात. दोन थायमिन शेजारी-शेजारी असले आणि यूव्हीबीचा किरण तिथे पडला की ते दोघे एकमेकांना चिकटतात. खरं तर त्यांनी समोरच्या पट्टीतल्या जोडीदाराला धरून राहायचं असतं. असे चुकीचे सांधे उन्हातल्या प्रत्येक फेरीत पडतात आणि पेशी ते कापून, नव्यानं विणून दुरुस्त करत राहते. त्यात वेदना नसते, लाली नसते, काहीच दिसत नाही. एखादा सांधा तसाच राहिला आणि तो नेमका पेशीच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकात असला, तर तिथून गोष्ट सुरू होते, आणि ती उघड व्हायला वीस-तीस वर्षं लागू शकतात. ही दुरुस्ती किती मोलाची आहे ते झेरोडर्मा पिगमेंटोझम झालेल्या मुलांकडे बघितलं की कळतं. त्यांच्या पेशींना हे सांधे कापता येत नाहीत. जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ साली ते दाखवून दिलं. या मुलांना इतरांच्या साठीत होणारे त्वचेचे कर्करोग शाळेच्या वयात होतात. हे सांगितलं की वर्गात कुणीतरी आपला दंड नकळत बाहीत ओढून घेतं. मला ते दिसतं.

त्यानंतर मी सिरिंज काढते.

सुई नसलेली पाच मिलिची सिरिंज आणि साधं लोशन. एकीला पुढे बोलावते आणि सांगते, “रोज चेहऱ्याला जेवढं सनस्क्रीन लावतेस तेवढं तळहातावर घे.” ती घेते. आम्ही ते सिरिंजमध्ये ओढून मोजतो. एक मिलिसुद्धा भरत नाही. मग मी पाच मिलिच्या रेघेपर्यंत लोशन भरते आणि तिच्या तळहातावर ओतते. “हे चेहरा, मान आणि कान मिळून.” वर्गात कुजबुज होते. दोन हात, दोन पाय, छाती-पोट, पाठ, प्रत्येकाला आणखी तेवढंच. अंगभर लावायचं तर पस्तीस मिलि. बाटलीवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत काढतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा थर देऊन. नीट थर असेल तर ३० एसपीएफ जाळणारे किरण ९७ टक्क्यांच्या आसपास अडवतं, ५० एसपीएफ ९८ टक्क्यांच्या. म्हणजे मोठ्या आकड्यासाठी धावण्यात फारसं हाती लागत नाही. थर पातळ लावला तर मात्र दोन्ही आकडे कोसळतात.

आणि इथे नर्सिंगच्या मुलांना वेगळं काही समजवावं लागत नाही. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे त्यांच्या अंगात मुरवलेलं असतं. पाव गोळी देऊन ‘औषध दिलं’ अशी नोंद कुणी करेल का? आठ तासांनी द्यायचं प्रतिजैविक सकाळी एकदा देऊन दिवसभर निवांत राहील का? सनस्क्रीनलाही मात्रा आहे, वेळ आहे, दर दोन तासांनी पुन्हा द्यायचा डोस आहे, घाम आला किंवा पाण्यात गेलं तर त्याआधीच. हे मी बोलून गेले की एकजण तरी खाली मान घालून वहीत काहीतरी लिहितो. बहुधा तेवढीच ओळ त्याच्याजवळ टिकत असेल.

एकदा एका मुलीनं विचारलं होतं, “मॅडम, हे सगळं लावून खरंच कर्करोग टळतो, याला पुरावा काय?” असा प्रश्न आला की दिवस चांगला जातो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये नॅम्बोर नावाचं गाव आहे. तिथल्या सोळाशेहून जास्त लोकांवर १९९२ ते १९९६ असा प्रयोग झाला. निम्म्यांना सांगितलं, रोज सकाळी डोकं, मान, हात यांना सनस्क्रीन लावा; बाकीच्यांनी आपापल्या सवयीप्रमाणे वागायचं. रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वेमस सेल कार्सिनोमाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. पुढे कितीतरी वर्षं त्यांचा माग ठेवला, तेव्हा मेलानोमाही जवळजवळ निम्म्यावर आलेला दिसला. त्याच देशात १९८१ साली कार्टूनमधला एक नाचरा समुद्रपक्षी टीव्हीवर येऊन लोकांना सांगत होता: सदरा चढवा, सनस्क्रीन लावा, टोपी घाला. पुढे त्यात सावली शोधा आणि गॉगल लावा हेही आलं. क्रम मला आवडतो. सदरा पहिला. लांब बाह्यांचं दाट विणीचं कापड, कान आणि मान झाकेल अशी रुंद काठाची टोपी, आणि दुपारची सावली. ट्यूब त्यांच्या जोडीला. स्वतःची सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली की ऊन कडक आहे, एवढं ओळखायला कुठलं उपकरण लागत नाही. यूव्ही निर्देशांक ३ किंवा जास्त असेल तर काळजी घ्यायची, हेही सांगते. तो आकडा हल्ली फोनवर दिसतो. आमच्या मुलांना समुदाय आरोग्याच्या पोस्टिंगला भर दुपारी घरोघर फिरावं लागतं, आखूड बाह्यांच्या गणवेशात. त्यांना टोपी घालू द्या, फेऱ्या सकाळी लवकर ठेवा, असं मी दरवर्षी मागते. कधी मान्य होतं, कधी नाही. उन्हापासून जपायला शिकवणाऱ्यांनीच मुलांना उन्हात उभं करायचं, हे मला सहन होत नाही.

पण माझ्या तासातला सगळ्यात अवघड भाग याच्या पुढचा आहे. पुस्तकातली चित्रं. गोऱ्या गालावर मोत्यासारखी चमकणारी बेसल सेलची गाठ, गोऱ्या पाठीवरचा काळा मेलानोमा, गोऱ्या खांद्यावरची लाली. सावळी, काळी त्वचा असलेले विद्यार्थी ही चित्रं बघतात आणि मनातल्या मनात पुस्तक मिटतात: हे आपलं नाही. त्यात थोडं खरं आहे. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन हे मोठं संरक्षण आहे. गडद त्वचेचं नैसर्गिक संरक्षण मोजणाऱ्यांनी ते १३ एसपीएफच्या आसपास धरलं आहे, आणि त्वचेचे कर्करोग अशा त्वचेत कमी होतात हेही खरं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि जे होतात ते पुष्कळदा उशिरा सापडतात, कारण रुग्ण बघत नाही, नर्स बघत नाही, आणि डॉक्टरांच्या मनातही तो विचार शेवटी येतो. गडद त्वचेवर उन्हानं भाजल्याची लाली दिसत नाही. तिथे विचारावं लागतं: आग होते का, ताणल्यासारखं वाटतं का? हात ठेवून ऊब बघावी लागते.

शिवाय जागाच वेगळ्या. गडद त्वचेत मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली येतो, जिथे ऊन फारसं पोचत नाही. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ साली सापडला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. ११ मे १९८१ रोजी ते गेले, वयाच्या ३६व्या वर्षी. हे सांगताना मी मुलांना स्पष्ट बजावते की या प्रकाराला सनस्क्रीन उपयोगाचं नाही. त्याला फक्त बघणं उपयोगाचं आहे. नखातली एकच काळी उभी रेघ रुंद होत चालली असेल, काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला असेल, तर ‘मार लागला असेल’ म्हणून सोडायचं नाही. आणि स्क्वेमस सेल? गडद त्वचेत तो बऱ्याचदा जुन्या भाजल्याच्या व्रणावर, वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेवर येतो. इथे आल्यावर मी त्या आजोबांची गोष्ट सांगते. नावगाव सांगत नाही. कडा सांगते.

आमच्या व्यवसायाचं उन्हाशी नातं जुनं आणि प्रेमाचं आहे, म्हणूनही हा विषय मला जवळचा वाटतो. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहून ठेवलं की ताज्या हवेखालोखाल आजाऱ्याला कशाची गरज असेल तर ती उजेडाची, आणि तोही थेट सूर्याचा. १९०३ साली नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केल्याबद्दल नोबेल मिळालं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लेझाँ इथे ऑग्युस्त रोलिए यांनी क्षयरोग्यांना सूर्यस्नान देणारं रुग्णालय काढलं. तिथे रुग्णांना एकदम उन्हात ठेवत नसत. पहिल्या दिवशी फक्त पावलं, तीही काही मिनिटं, मग हळूहळू वर. ऊन मोजून द्यायचं असतं हे त्या काळी उन्हावर जीव टाकणाऱ्यांनाही कळलं होतं. अंधाऱ्या खोलीत पडलेल्या रुग्णाची खिडकी मी आजही उघडायला लावते. पण त्याला डॉक्सिसायक्लिन, अॅमिओडॅरोन किंवा थायझाइड चालू असेल तर त्या औषधांनी त्वचा उन्हाला हळवी होते, हेही घरी जाताना त्याला सांगायला लावते. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्याला तर आवर्जून. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना स्क्वेमस सेलचा धोका कैक पटींनी वाढतो, आणि घरी निघायच्या घाईत ही गोष्ट राहून जाते.

मी इतकं या मुलांच्याच मागे का लागते, असं एका सहकारी बाईंनी विचारलं होतं. डॉक्टर रुग्णाची तक्रार असलेला भाग बघतात. तेवढाच वेळ त्यांच्यापाशी असतो. माणसाचं पूर्ण अंग बघतो तो अंग पुसणारा. कुशीवर वळवून पाठ कोण बघतं? बोटांच्या बेचक्या, कानामागचा भाग, टाळू, टाच? बेडसोअर होतोय का हे बघायला आपण रोज त्याच जागी जातो. डोळे तिथेच असतात, हात तिथेच असतात, उजेडही असतो. तिथे असूनही दिसलं नाही, असं माझं झालं होतं.

गेल्या खेपेच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी. तासाला शेवटच्या बाकावर बसायची, फारसं बोलायची नाही. वॉर्डमध्ये एका मावशींचं अंग पुसताना ती पायाशी आली आणि तिथेच थांबली. मी लांबून बघत होते. तिनं बेसिन खाली ठेवलं, टाच ओल्या कापडानं पुसली, मग कोरडी केली, मग खिडकीचा पडदा सरकवून पाय उजेडाकडे वळवला. खिशातून छोटी पट्टी काढली. मावशी विचारत होत्या, “काय गं, काय झालंय?” ती म्हणाली, “काही नाही मावशी, एक डाग दिसतोय. किती दिवसांपासून आहे?” मावशींना टाचेवर डाग आहे हेच माहीत नव्हतं. तिच्या नोंदीत मी नंतर वाचलं: ‘उजवी टाच, मागील कड. काळसर डाग, ५ मिमी, कडा अस्पष्ट, दाबून दुखत नाही, खाज नाही, कधीपासून ते रुग्णास माहीत नाही. डॉक्टरांना कळवले.’

त्वचारोगाचे डॉक्टर दुपारी आले. भिंगातून बघितलं, मग ब्लेडनं टाचेचा वरचा कडक पापुद्रा हलकेच तासला. काळेपणा त्याबरोबर निघून गेला. चप्पल घासून कडक कातडीत साकळलेलं रक्त होतं ते, अगदी निरुपद्रवी. डॉक्टर “काही नाही” म्हणून पुढच्या कॉटकडे वळले. मुलगी तिथेच उभी राहिली, हातात ती पट्टी. चेहरा पार उतरला होता. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार, तेवढ्यात मावशींनी चादर बाजूला सारली आणि दुसरा पाय पुढे केला.

“हा पण बघून घे गं,” त्या म्हणाल्या. “माझा हात तिथवर पोचत नाही.”